शिक्का, मोर्तब आणि यंत्रांचा पत्रव्यवहार

'ध चा मा' करणे हा वाक्प्रचार मराठी घरातील लहान मुलासही ठाऊक असतो. सन १७७३ च्या ऑगस्ट महिन्यात पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला. गारद्यांच्या हाती पडलेल्या हुकुमात मूळ शब्द 'धरावे' असा होता, तो कोणी 'मारावे' असा केला, अशी ती आख्यायिका. तिच्यात इतिहास किती व लोकांची कल्पना किती, याचा निर्णय संशोधकांनी करावा. आम्हांस तिचे स्मरण होण्याचे कारण निराळे आहे. लिहिणारा ओळखीचा, घेणारा ओळखीचा, कागदही तोच. तरी मधल्या वाटेत एका अक्षराची अदलाबदल झाली तर केवढा अनर्थ ओढवतो, हे आपल्या भाषेने त्या दोन अक्षरांत कायमचे नोंदवून ठेविले आहे.

सांप्रत माणसे एकमेकांस जितकी पत्रे लिहितात, त्यांहून कितीतरी अधिक पत्रे यंत्रे एकमेकांस लिहीत असतात. आमच्या वाचकांपैकी एखाद्या पालकाने घरी बसून मोबाइलवरून मुलाची फी भरली असे समजा. बोट टेकल्यापासून 'रक्कम जमा झाली' ही अक्षरे उमटेपर्यंत फार तर काही क्षण जातात. परंतु तेवढ्या अवधीत मोबाइलमधील ॲपने एका सर्व्हरला, त्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने बँकेच्या सर्व्हरला, असे कित्येक निरोप धाडलेले असतात व त्यांची उत्तरेही परत आलेली असतात. १९८९ साली टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हानजीकच्या सर्न या संस्थेत वेबची योजना मांडली, ती माणसांनी वाचावयाच्या लेखांसाठी. पुढे त्याच वाटांनी एका प्रोग्रॅमने दुसऱ्या प्रोग्रॅमला प्रश्न विचारावा व ठराविक नमुन्यात उत्तर घ्यावे, अशी सोय झाली. तिला वेब सेवा म्हणतात. विचारणारा तो क्लायंट, आणि उत्तर देणारी ती सेवा.

हे निरोप छापील अर्ज भरावा तसे असतात. देणाऱ्याचे खाते, घेणाऱ्याचे खाते, रक्कम, तारीख. प्रत्येकास आपापला रकाना. जुन्या पेढीवरचा मुनीम अक्षराचे वळण निराळे दिसले किंवा शाई ताजी वाटली, एवढ्यावरूनही थबकत असे. यंत्र थबकत नाही. रकाने बरोबर भरलेले असले की ते मुकाट्याने हुकूम बजावते. म्हणून कोणकोणत्या शंका घ्यावयाच्या, हे त्यास आधीच शिकवून ठेवावे लागते. आणि ज्या शंका शिकवावयाच्या राहून गेल्या, तेथेच चोरास वाट सापडते.

पहिली शंका वाटेविषयीची. आपल्या घरातून निघालेला निरोप अनेकांच्या यंत्रांतून हातोहात पुढे जातो, आणि त्यांतील कोणीही तो उघडून पाहू शकेल. तेव्हा तो कुलपात घालून पाठवावा हे उघड आहे. पण ज्या सर्व्हरशी आपली कधी गाठ पडली नाही, त्याच्यापाशी त्या कुलपाची किल्ली कशी पोचवावी? किल्लीही त्याच उघड्या वाटेने पाठविली तर कुलूप लावून उपयोग काय? या कोड्याचे उत्तर १९७६ साली व्हिटफिल्ड डिफी व मार्टिन हेलमन या दोघा अमेरिकनांनी प्रसिद्ध केले. इंग्लंडच्या सरकारी गुप्तलेखन खात्यात माल्कम विल्यमसन यांना ते १९७४ सालीच सुचले होते; पण खाते गुप्त, म्हणून शोधही गुप्त, आणि जगास ती हकीकत १९९७ साली कळली.

हे उत्तर आठव्या-नववीच्या विद्यार्थ्यांस वर्गात करून पाहता येण्याजोगे आहे. एक विद्यार्थी खिडकीपाशी बसवावा, दुसरा दारापाशी. फळ्यावर सर्वांच्या देखत दोन संख्या लिहाव्यात : ३ आणि १७. खिडकीपाशी बसलेल्याने मनात एक संख्या धरावी, समजा ३. दारापाशी बसलेल्याने दुसरी, समजा ७. आता पहिल्याने ३ चा तिसरा घात करावा, म्हणजे २७, आणि त्यास १७ ने भागून उरलेली बाकी, १०, मोठ्याने सांगावी. दुसऱ्याने ३ चा सातवा घात करावा, २१८७; त्याची बाकी ११, तीही मोठ्याने सांगावी. साऱ्या वर्गाने १० व ११ ऐकले. पुढे पहिल्याने ११ चा तिसरा घात करावा, १३३१. त्यास १७ ने भागता बाकी ५. दुसऱ्याने १० चा सातवा घात करावा, म्हणजे एक कोटी. त्यास १७ ने भागता बाकी पुन्हा ५ च. दोघांच्या हाती एकच संख्या आली, आणि ती तर कोणी उच्चारलीच नाही! हीच त्यांची गुप्त किल्ली. अर्थात १७ सारखी लहान संख्या असता चलाख मुलगा सर्व घात करून पाहून ती किल्ली शोधून काढील. म्हणून प्रत्यक्षात १७ च्या जागी सहाशेहून अधिक अंकांची संख्या घेतात, अथवा याच कल्पनेचा निराळ्या जातीच्या वक्रांच्या गणितावर बसविलेला प्रकार वापरतात.

वेबवरील बंद वाटेचे जे शास्त्र आज रूढ आहे, त्यास टीएलएस म्हणतात. त्याचा पूर्वज नेटस्केप कंपनीने १९९५ साली बाजारात आणला. टीएलएस या नावाने पहिली आवृत्ती १९९९ साली निघाली, आणि बरेच जुने दोष काढून टाकलेली १.३ ही आवृत्ती २०१८ साली. पत्त्याच्या आरंभी 'एचटीटीपीएस' ही अक्षरे दिसली म्हणजे हीच बंद वाट समजावी.

आता दुसरी शंका, आणि आमच्या मते हीच सर्वांत कठीण. वाट बंद झाली खरी. पण तिच्या दुसऱ्या टोकास बसला आहे कोण? वरील खेळात दारापाशी बसलेल्या विद्यार्थ्याच्या जागी आवाज बदलून कोणी तिऱ्हाईत बोलला, तर खिडकीपाशी बसलेला त्याच्याशीच मोठ्या विश्वासाने किल्ली ठरवील. यावर तोड अशी काढली की, प्रत्येक सेवेने आपल्या ओळखीचे प्रमाणपत्र दाखवावे, व त्यावर एखाद्या मान्यवर संस्थेची अंकीय मोहर असावी. अशा संस्थांची यादी आपल्या मोबाइलात व संगणकात आधीच भरलेली असते. मोहर त्या यादीतील असेल तर आपले यंत्र मान डोलावते; आपणांस काही विचारीतही नाही.

शास्त्रपाठाच्या तासाला नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट विद्यार्थ्यांनी वाचलीच असेल. ईजबेल राणीने अहाब राजाच्या नावाने पत्रे लिहिली व त्यांवर राजाची मोहर केली. मोहर खोटी नव्हती. खरी राजमुद्राच होती. केवळ हात परका होता. नगरातील वडीलधाऱ्यांनी मोहर पाहिली, हुकूम मानला, आणि निरपराध नाबोथ दगडमाराने मेला.

असाच प्रकार २०११ साली हॉलंडात घडला. डिजिनोटार नावाची एक कंपनी तेथे अशी प्रमाणपत्रे देत असे. डच सरकारची कित्येक कामेही तिच्याच मोहरेवर चालत. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात कोणी तिच्या यंत्रांत शिरला व तिच्याच खऱ्या मोहरेने पाचशेहून अधिक खोटी प्रमाणपत्रे करून घेऊन गेला. त्यांपैकी एक १० जुलै रोजी गूगलच्या नावाने केलेले होते. इराणात ज्यांनी आपला टपालाचा डबा उघडला, त्यांच्यापैकी पुष्कळांस हे खोटे प्रमाणपत्र दाखवून मधल्यामध्ये अडविण्यात आले. पुढे झालेल्या चौकशीत सुमारे तीन लक्ष संगणकीय पत्ते या जाळ्यात सापडल्याचे आढळले, आणि त्यांतील बहुतेक सर्व इराणातील होते. वाट बंद होती, कुलूप दिसत होते, मोहर यादीतील होती. सर्व काही ठीक दिसत असता त्या माणसांची खाजगी पत्रे परक्याच्या हाती उघडी पडत होती. आणि ज्या देशात एखाद्या पत्रावरून तुरुंगाची वाट धरावी लागते, तेथे याचा अर्थ काय होतो, हे सांगावयास नको.

आम्हांस या हकीकतीत सर्वांत निंद्य वाटते ते चोराचे कृत्य नव्हे, तर कंपनीचे मौन. जुलै महिन्यातच घरात चोर शिरल्याचे तिला कळले होते. तिने काही प्रमाणपत्रे गुपचूप रद्द केली आणि ओठ मिटून घेतले. ही गोष्ट बाहेर आली ती ऑगस्टच्या अखेरीस, एका इराणी गृहस्थामुळे. त्याच्या क्रोम ब्राउझरने सावधानतेची सूचना दाखविली. कारण गूगलने आपल्या स्वतःच्या किल्ल्यांची खूण त्या ब्राउझरात आधीच नोंदविलेली होती, आणि ती या प्रमाणपत्राशी जुळेना. अशी सूचना आली असता आपण काय करतो? बहुधा 'पुढे चला' यावर बोट ठेवून मोकळे होतो. त्या गृहस्थाने तसे केले नाही. हे काय आहे, असे त्याने चारचौघांत विचारले. थोड्याच दिवसांत सर्व ब्राउझरांनी डिजिनोटारचे नाव आपापल्या यादीतून काढून टाकिले, डच सरकारने तिचा कारभार आपल्या हाती घेतला, आणि २० सप्टेंबर रोजी ती कंपनी दिवाळखोर ठरली. यानंतर अशी रीत पडली की, प्रत्येक नवे प्रमाणपत्र सर्वांस पाहता येईल अशा खातेवहीत नोंदवावे. तिचे नियम २०१३ साली प्रसिद्ध झाले, आणि २०१८ पासून क्रोमने नव्या प्रमाणपत्रांस ती नोंद सक्तीची केली. गावच्या चावडीवर यादी लावावी, तसाच हा प्रकार. मोहर चोरीस जाणार नाही असे कोणी म्हणत नाही. गेली तर ती लपून राहू नये, एवढीच ही तजवीज.

येथवर वाटेची गोष्ट झाली. पण वाट सुरक्षित असणे आणि पत्र सुरक्षित असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि जाणती माणसेही येथेच फसतात. टपालाची थैली लाखबंद असली, तरी मुक्कामावर ती उघडतात, पत्रे निवडतात, दुसऱ्या थैलीत भरतात व पुन्हा लाख लावतात. थैलीची लाख त्या मुक्कामापुरती. एकच निरोप तीन-चार सर्व्हरांतून जावयाचा असेल, तर प्रत्येक मुक्कामावर तो उघडा पडतो. यास्तव थैलीखेरीज खुद्द पत्रावरही मोहर हवी.

यूपीआयच्या योजनेत ही काळजी घेतलेली दिसते. मुंबई येथे मुख्य कचेरी असलेल्या राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने २०१६ साली ती सुरू केली. तीत सर्व्हरांमधील निरोप बंद वाटेने तर जातातच, शिवाय प्रत्येक निरोपावर पाठविणाऱ्याची अंकीय स्वाक्षरी असते. आपण जो गुप्त पिन टाकतो, तो महामंडळाने पुरविलेल्या वेगळ्या चौकटीत टाकला जातो व मोबाइलमध्येच कूटरूप होऊन बाहेर पडतो; ॲप चालविणाऱ्या कंपनीस तो वाहून न्यावा लागतो, वाचता येत नाही. पालकांनी या ठिकाणी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पिन हा पैसे देण्याच्या हुकुमाचा भाग आहे. पैसे घेण्यासाठी तो कधीही लागत नाही. तेव्हा 'रक्कम जमा करावयाची आहे, पिन टाका' असे कोणी म्हणाला, तर त्याचा हेतू ओळखावा.

पत्रावरची मोहर म्हणजे काय, हेही थोडक्यात सांगावयास हवे. मजकुरातील अक्षरांवर ठराविक गणित करून त्याचा एक आखूड ठसा काढतात. 'ध' चा 'मा' झाला, तर सारा ठसाच पालटतो. त्या ठशावर लिहिणाऱ्याने आपल्या खाजगी किल्लीने स्वाक्षरी करावयाची. त्याची सार्वजनिक किल्ली ज्याच्यापाशी असेल, त्यास ती पडताळता येते, पण तशी दुसरी करता येत नाही. एक्सएमएल नावाच्या नमुन्यात लिहिलेल्या निरोपांवर अशी स्वाक्षरी कशी करावी, याचे नियम २००२ साली ठरले, आणि वेब सेवांकरिता ते २००४ साली अधिक विस्ताराने बसविण्यात आले. नियम चांगले होते. गणितात खोट नव्हती. तरीही २००५ साली त्यांत एक विलक्षण छिद्र असल्याचे दाखवून देण्यात आले.

ते समजण्यास आपल्या जुन्या दफ्तराकडे वळावे. मराठेशाहीतील पत्राच्या माथ्यावर शिक्का असे. परंतु तेवढ्याने पत्र पुरे होत नसे. मजकूर जेथे संपे, अगदी तेथे, दुसरी लहान मोहर उठवीत. 'येथे मर्यादा झाली' अशा अर्थाची अक्षरे तिच्यात असत. हेच मोर्तब. कागदास कागद चिकटवून पत्र लांब केले असेल, तर सांध्याच्या पाठीवरही शिक्का उमटवीत, म्हणजे मधला ताव काढून दुसरा घालता येऊ नये. आपण 'शिक्कामोर्तब' हा शब्द सहज वापरतो. त्या कारकुनांस मात्र पक्के ठाऊक होते की, नुसता शिक्का पुरेसा नाही, तो कोठपासून कोठपर्यंतच्या मजकुराचा साक्षी आहे, हेही कागदावरच दिसले पाहिजे.

वेब सेवांचे नियम करणाऱ्यांनी शिक्का दिला, मोर्तबाकडे पुरेसे पाहिले नाही. त्यांच्या पद्धतीत निरोपाच्या एखाद्या भागास नाव देत व 'अमुक नावाच्या भागावर ही स्वाक्षरी आहे' असे लिहीत. तो भाग निरोपात कोणत्या जागी असावा, याचे बंधन नसे. मग चोराने काय करावे? स्वाक्षरी केलेला खरा भाग उचलून एका अडगळीच्या कोपऱ्यात ठेवावयाचा, आणि हुकुमाच्या मुख्य जागी आपला मजकूर घालावयाचा. स्वाक्षरी तपासणारा कारकून नावावरून शोधीत कोपऱ्यात जातो, खरा भाग पाहतो व 'बरोबर' म्हणतो. हुकूम बजावणारा कामदार मुख्य जागेवरचा मजकूर वाचतो व तो अमलात आणतो. दोघेही आपले काम चोख करतात. फक्त दोघांनी वाचलेला ताव एक नसतो. २०११ साली जर्मनीतील बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी ॲमेझॉन कंपनीच्या भाड्याने देण्याच्या संगणकांवर याच युक्तीचा प्रयोग केला. ग्राहकाचा एक स्वाक्षरी केलेला निरोप हाती लागला, तरी तेवढ्यावर त्याचे संगणक सुरू वा बंद करता येतात, असे त्यांनी सिद्ध केले. त्यांनी डिजिनोटारप्रमाणे मौन धरले नाही आणि आपल्या विद्येचा बाजारही मांडला नाही. आधी कंपनीस कळविले, दोष दुरुस्त झाला, मग निबंध प्रसिद्ध केला. उपाय साधाच आहे : ज्या मजकुराची स्वाक्षरी पडताळली, नेमका तोच मजकूर पुढे कामदाराच्या हाती द्यावयाचा, दुसरा नाही.

जुन्याच निरोपाचा पुन्हा उपयोग करणे हीही एक लबाडी आहे. एकच हुंडी दोनदा वटविण्यासारखी ती. निरोप खरा, स्वाक्षरी खरी, मजकूर जसाच्या तसा. पण तो कालचा. यासाठी प्रत्येक निरोपात वेळ व पुन्हा न येणारा क्रमांक घालतात, आणि येऊन गेलेले क्रमांक सेवेने लक्षात ठेवावयाचे असतात. याचा लाभ प्रामाणिक माणसासही होतो. मध्येच संपर्क तुटल्यामुळे ॲपने तोच निरोप पुन्हा धाडला, तर त्याच क्रमांकावरून सेवेस कळते की हे काम एकदा झाले आहे.

एवढे सारे करूनही एक चूक राहते, आणि ती इतकी साधी आहे की सांगताना संकोच वाटतो. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने निकालाच्या सेवेस आपले गुण विचारले. तो शाळेचाच विद्यार्थी आहे हे सेवेने नीट तपासले. मग त्याने निरोपातील आपला हजेरी क्रमांक खोडून शेजाऱ्याचा घातला, आणि सेवेने शेजाऱ्याचे गुण मुकाट्याने त्याच्या हाती दिले! विचारणारा कोण, हे पाहिले. त्याने जे मागितले त्यावर त्याचा अधिकार आहे काय, हे विचारलेच नाही. वेब सेवांतील दोषांच्या याद्या करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेने २०१९ साली व पुन्हा २०२३ साली हाच दोष पहिल्या क्रमांकावर ठेविला आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी जे पुढे प्रोग्रॅम लिहिण्याच्या धंद्यात शिरतील, त्यांच्या हातून घडण्याचा संभव सर्वांत अधिक आहे तो याच चुकीचा.

पत्त्याशेजारच्या लहानशा कुलपाच्या चित्राविषयी पालकांचा पुष्कळदा गैरसमज असतो, म्हणून तेही सांगतो. त्या चित्राचा अर्थ वाट बंद आहे एवढाच. पलीकडचा मनुष्य प्रामाणिक आहे असा नव्हे. ठकही आपल्या नावाने प्रमाणपत्र घेऊ शकतो. आता तर ते विनामूल्यही मिळते. लोक कुलूप पाहून निर्धास्त होतात असे दिसून आल्यावर गूगलने २०२३ साली क्रोममधून ते चित्रच काढून टाकिले. तेव्हा कुलूप शोधण्यापेक्षा पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यास. वर दिलेला खिडकी-दाराचा खेळ गणिताच्या शिक्षकांची परवानगी घेऊन वर्गात करावा. आरंभी ३ आणि १७ याच संख्या घ्याव्यात, मात्र मनातील संख्या दर वेळी नव्या धराव्यात. तिसऱ्या एका विद्यार्थ्यास चोर नेमावे. त्याने केवळ ऐकलेल्या बाक्यांवरून गुप्त किल्ली हुडकावी आणि चौथ्याने घड्याळ लावून वेळ टिपावा. मग ३ च्या जागी २ आणि १७ च्या जागी १०१ घेऊन तोच खेळ पुन्हा करावा. कागद-पेन्सिलीवर करावयाचे ठरल्यास, दुसऱ्या खेपेस चोराला उत्तर सापडण्यास पहिल्या खेपेहून बराच अधिक वेळ लागेल, असा आमचा अंदाज आहे.